भरलेली टॅक्सी

अम्मानमध्ये जरासा बर्फ भुरभुरला आणि बस बंद पडल्या. मी मस्कतहून इथे शिकायला आलेली. वर्गातही माझ्या शेजारची जागा रिकामीच असे. चौकात अबू हैसमची शेअर टॅक्सी तेवढी उभी होती. मी एकटीच मागे बसले, तरी त्याने गाडी सुरू केली.

“काका, चार सीट भरल्याशिवाय तुम्ही हलत नाही ना?”

“भरली की, पोरी! आता कुणाची वाट बघायची?”

मला हसू आलं. माझ्या श्वासाने माझ्या बाजूची काच धुरकटली होती.

पलीकडच्या रिकाम्या सीटजवळची काचही धुरकटत होती.

अबू हैसमने आरशात बघितलं. “मावशी, जरा सरका. परक्या गावची पोर आहे, तिला चेंगरू नका.”

माझ्या गारठलेल्या खांद्याला हळूहळू ऊब लागली.

मी सरकले नाही.