दगड असू दे

लाल झेंडा दिसेनासा झाला होता.

ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला. ओठांवरचं भजन कडव्यातच तुटलं. काचेपलीकडे पुरुषभर वाळकं गवत, आणि एवढा वेळ त्या गवतावरून डुलत पुढे जाणारी लाल चिंधी कुठेच नाही. चिंधी काठीला बांधलेली, काठी मेहुण्याच्या हातात. झेंडा हलता असला की मशीनने मागून यायचं, रोवलेला दिसला की जागीच थांबायचं, एवढा साधा दोघांचा करार. भजनाच्या नादात आपण शेवटचं वर कधी पाहिलं, हे त्याला आठवेना.

मग झेंडा दिसला. मशीनच्या पुढच्या लोखंडी बकेटच्या दातांखाली होता. काठी मोडलेली, चिंधी मातीत.

"अरे ए! कुठं आहेस?"

इंजिनाच्या घरघरीत त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. हात किल्लीकडे गेला आणि अर्ध्यावरूनच मागे आला. मशीन बंद केलं, आणि तरीही ओ आली नाही तर? घरघर चालू आहे तोवर, त्याला ऐकूच गेलं नसेल, असं म्हणायला तरी जागा होती.

मशीन तसंच ठेवून तो उतरला. बकेटला वळसा घालून पुढे आला आणि जागच्या जागी थिजला.

आडव्या झालेल्या गवताखालून एक हात बाहेर आला होता. बोटं किंचित वाकलेली. मनगटापाशी सोललेलं, आतलं पांढरं उघडं पडलेलं.

सकाळी बायको दारात म्हणाली होती, "दोघं बरोबर जाताय, दोघं बरोबर या." भावाकडे बघत म्हणाली होती.

त्याने गुडघे टेकले. रांगतच तो जवळ गेला आणि गवत बाजूला सारलं. पालथी पडलेली रुंद पाठ, धुळीने माखलेली. डोळे मिटून त्याने तळहात टेकवला.

गार. टणक.

दगड होता! त्याला हसूच फुटणार होतं. पण शेजारी आणखी एक पाठ होती. तिच्या शेजारी आणखी एक. गवतात लांबवर, एकाला एक लागून, सगळी पालथी माणसं.

गंजलेल्या फाटकावरची पाटी त्याला आठवली: शिल्पांना हात लावू नये. ती वाचून मेहुणा म्हणाला होता, "आपण कुठं हात लावतोय दाजी, आपण तर बकेट लावणार!" कंत्राटदारानेही सांगितलं होतं, बाग बंद पडून जमाना झाला, आत नुसतं रान आहे, सपाट करून टाका.

सगळ्या पाठी मातीच्याच रंगाच्या. आणि मेहुण्याचा सदराही सकाळपासूनच्या धुरळ्याने त्याच रंगाचा झाला होता. नुसत्या डोळ्यांना कळणार नव्हतं. हात लावूनच बघावं लागणार होतं, एकेकाला.

पाठीवर वेणी असलेली बाई. देवा, दगड असू दे. गार. ढोलावर ओणवा झालेला माणूस. दगड असू दे. गार. जन्मभर माणसं दगडापुढे हात जोडून म्हणतात, देव हो. आणि हा बापडा एकेका पाठीवर हात ठेवून म्हणत होता, दगड हो बाबा, दगड हो.

पुढे पुढे हाताचाही भरवसा वाटेना. भीतीने तळवाच बधिर झालेला. एक जण जरा जास्तच मेहुण्यासारखा दिसला, तसाच आडव्या अंगाचा, मान आखूड. श्वास बघायला म्हणून त्याने चेहऱ्याखाली हात सरकवला. श्वास नव्हता. हाताला तरट लागलं. नीट घडी करून गालाखाली ठेवलेलं.

त्याने शेजारच्याच्या गालाखाली हात घातला. तिथेही घडी.

ऊन-पावसाने नाक-डोळे झिजू नयेत म्हणून कुणीतरी बाग सोडून जाताना ही सगळी मंडळी पालथी निजवली होती. गालाला खडा टोचू नये याचीही काळजी घेतली होती. पण थांबायला सवड कुठली? मेहुणा अजून सापडला नव्हता.

रांगेच्या टोकाला, झाडाच्या सावलीत, शेवटची पाठ होती. "दगड असू दे," म्हणत त्याने हात टेकवला.

ऊब होती.

आत्ताच गेलेल्याचं अंगही ऊनच असतं. हात त्याने चेहऱ्याखाली नेला. तळव्यावर ओलसर वाफ आली. मग एक घोरणं.

चालत्या मशीनच्या आवाजात मेहुण्याला हमखास झोप लागायची.

त्याने खांदे धरून गदागदा हलवलं. मेहुणा डोळे चोळत उठून बसला.

"काय झालं दाजी? रडताय कशाला?"

"झेंडा..."

"रोवला होता की! म्हटलं, पुढं ही सगळी मंडळी पडलीयेत, तुम्ही थांबाल. किती आहेत ते बघत बघत इथवर आलो, आणि जरा आडवा झालो."

मेहुण्याच्या गालावर तरटाची नक्षी उमटली होती. तरटाची घडी मांडीशी होती.

"ही कुठून आणलीस?"

"त्या वेणीवाल्या बाईची. दगडाला कशाला हवी उशी?"

ड्रायव्हर उठला. जाऊन त्याने मशीन बंद केलं. एवढ्या मोठ्या रानात एकदम शांत झालं. परत येऊन त्याने घडी उचलली, झटकली, वेणीवाल्या बाईपाशी बसला आणि तिच्या गालाखाली ती हळूच सरकवू लागला. किल्ली दुसऱ्या मुठीत घट्ट होती.

"अहो दाजी, दगड आहेत ते! कंत्राटदार येईल आता. काय सांगायचं त्याला?"

"सांगू, मशीन इथून पुढं जाणार नाही. एकेकाच्या पाठीवर हात ठेवून मीच म्हटलं, दगड हो. इतके जण होते. एकानेसुद्धा नाही म्हटलं नाही रे."