वेलचीचा वास

“बाई, कालची नानकटाई कशी झाली होती?”

भागीरथानं विचारलं आणि अख्ख्या वर्गानं कान टवकारले. खरं तर मेली असती तरी तिनं हे विचारलं नसतं. पण सकाळी रस्त्यात वर्गातल्या अन्नपूर्णानं डिवचलं, “मोठी शूर समजतं ना सोताले? मंग इचार बाईले, कशी लागली म्हणून!” गोपिकानंही भर घातली, “इचारलं त आमच्या वाडीतले पेरू तुले.” पेरूंचं एक वेळ जाऊ द्या. पण आपल्याला कुणी भित्री म्हणावं, हे भागीरथाला खपत नसे. गेल्या दसऱ्याला घरची सगळी नागपुराहून धम्माची दीक्षा घेऊन आली, तेव्हापासून ती मान वर करूनच चालत होती.

आता मात्र ती मान खाली होती. कारण नानकटाईला मातीच्या तेलाचा, रॉकेलचा वास होता.

तिचे बाबा, कवडू, पुलगावच्या लष्करी डेपोतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाक करायचे. बदली होऊन जाताना साहेबानं आपला पत्र्याचा ओव्हन त्यांना देऊन टाकला. खाली निखारे, झाकणावर निखारे, मध्ये ताटली. बस्तीत असली वस्तू पहिलीच. कधी तिच्यात वांगी भाजायची, कधी रताळी, आणि सणावाराला नानकटाई. भागीरथानं शाळेत त्या ओव्हनचं कौतुक इतकं लावलं, की एकदा कुसुमबाईच हसून म्हणाल्या, “आण गं कधी तरी. आम्हालाही कळू दे.”

कुसुमबाईंनीच तिला मागच्या कोपऱ्यातून उठवून पहिल्या बाकावर बसवलं होतं. त्यांच्यासाठी तिनं जीव काढून दिला असता, नानकटाई काय!

पण आई भल्या पहाटे कापूस वेचायला गेलेली, कोळसे दमट, आणि शाळेला उशीर होत चाललेला. “निखारे लाल झाल्याबिगर ताटली ठेवजो नोको,” असं आईनं दहादा बजावलेलं. भागीरथानं कंदिलातलं मातीचं तेल कोळशांवर ओतलं, काडी लावली आणि धूर जायच्या आधीच ताटली आत सरकवली. तिच्या हातांनाच तेलाचा वास, त्यामुळे नाकाला काही कळलं नाही. गरमागरम नानकटाई डब्यात भरली आणि पळत जाऊन बाईंच्या हातात दिली.

संध्याकाळी घरी उरलेल्यातली एक बाबांनी तोंडात टाकली आणि तशीच अंगणात जाऊन थुंकली.

“पोरी, नानकटाई हाय का कंदील?”

बाबा हसले. भागीरथाला मात्र धरणी फाटली तर बरं असं झालं. बाईंनी घरच्यांसमोर डबा उघडला असेल. “माझ्या वर्गातली पोरगी हुशार आहे हो,” असं म्हणत एकेकाच्या हातावर ठेवली असेल. आणि मग?

आणि आता बाई तिच्याकडे बघून गोड हसत होत्या.

“अगं, काय खुसखुशीत झाली होती! आणि वेलचीचा वास तर फारच सुरेख. आमच्याकडे सगळ्यांनी आवडीनं खाल्ली. आईला सांग हं.”

अन्नपूर्णा आ वासून बघतच राहिली. भागीरथाच्या डोळ्यांत पाणी आलं. चारचौघांत आपली फजिती होऊ नये म्हणून बाईंनी तो घाणेरडा वास गिळला! एवढं मोठं मन! दिवसभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. शाळा सुटल्यावर तिनं गोपिकाला विचारलं, “आपल्या बाई देवमाणूस हायेत, नाई का वं?” गोपिका मान वळवून नुसतं “हो” म्हणाली आणि भराभर आपल्या घराच्या वाटेला लागली.

घरी आई तूर निवडत होती, बाबा खाटेवर विडी ओढत होते. भागीरथानं दप्तर फेकलं, बाईंसारखा पदर घेतल्याचं सोंग केलं, आवाज काढला, हातवारे केले. “वेलचीचा वास तर फारच सुरेख!”

आईचा हात सुपात थांबला.

“वेलची? भागी, आपल्या घरात वेलची कुठं हाय?”

भागीरथाचे हात हवेत होते तसेच राहिले. मग हळूहळू खाली आले.

तो डबा उघडलाच गेला नव्हता. नुसतं झाकण काढलं असतं, तरी भपकारा आला असता.

कालची लाज साधी होती. हातून चूक झाली, कान धरला की संपली असती. ही लाज कुठं धरावी तेच कळेना. दिवसभर आपण त्या बाईंचे उपकार मानत नाचलो. हे आठवून तिचा चेहरा तापला.

“मन लहान नको करू,” बाबा खाली बघत म्हणाले. “बाईनं डबा तुह्या हातातून घेतला ना? आमच्या टायमाले खाली ठेवा लागे, मंग ते उचलत. तुले पुढं बसवते. चांगली हाय बाई.”

“आन् शाळेत काही बोलजो नोको,” आई घाईनं म्हणाली. “पास करनं तिच्याच हातात हाय. कोनाले दोष देजो नोको, माय.”

भागीरथानं डोळे पुसले. “नाई देत दोष. चूक त माहीच हाय.”

आईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

“उद्या साऱ्या वर्गासमोर उभी राहून बाईची माफी मांगीन,” भागीरथा म्हणाली. “म्हणीन, बाई, तुमच्या घरच्या साऱ्या लोकाइले मी मातीच्या तेलाची नानकटाई खाऊ घातली.”