एकमताने मंजूर

सगळ्यांचे हात वर गेले होते. एकट्या पूनमचा तेवढा मांडीवरच होता.

होटगीच्या अलीकडं माळावरच्या देवळापुढं भावकी बसली होती. दरसाल देवाला बोकड द्यायचा आणि त्याआधी भावकीचा काय असेल तो ठराव करायचा, ही रीत. ठराव एकमतानंच व्हायला हवा. एक हात जरी खाली राहिला तरी बोकड उभाच. यंदाचा ठराव सोमेशनं वाचून दाखवला होता. सोमेश शाळामास्तर, भावकीतला शिकलेला. मारधाडीचे, रक्तपाताचे व्हिडिओ गेम अठरा वर्षांच्या आतल्या पोरांना विकायला कायद्यानं बंदी करा, विकणाऱ्याला आत टाका, असं आमदारांना कळवायचं होतं.

"सूनबाई, हात अवघडला काय?" चुलत सासरे सिद्धाप्पा म्हणाले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"अवघडला न्हाय, मामा. मला हा कायदा नको हाय."

हसणं थांबलं. पूनमचा नवरा अजिनाथ शेजारीच बसला होता. एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर उभं राहून राहून त्याला जरा कमी ऐकू यायचं. आता तर काहीच ऐकू आलं नाही.

"का गं बाई?" सिद्धाप्पांनी विचारलं.

"माझ्या लेकरानं काय खेळावं ते मी बघते की. त्याचा गेम मीच घेऊन दिलाय. शेजारी बसते, कुटं थांबवायचं ते सांगते. त्यापायी दुकानदाराला जेलात कशाला घालायचं?"

"वहिनी, पोरं बघून शिकतात," सोमेश समजुतीच्या सुरात म्हणाला. "रोज गोळ्या, रोज रक्त. मन मरून जातं त्यांचं."

पूनमला लेकाचं, मल्हारचं खेळणं आठवलं. तिच्या खांद्याला टेकून खेळायचा, आणि ज्याला गोळी लागली त्याला हळूच 'सॉरी' म्हणायचा. हे सांगितलं असतं तर पुन्हा हसले असते.

"भावजी, पडद्यावरचा मेलेला उठून पळतोय. माझ्या पोराला ते ठाऊक हाय," ती म्हणाली. तिची नजर देवळाच्या पायरीकडं गेली. तिथं हळदकुंकू लावलेला सुरा ठेवला होता. "आणि आज त्याच पोराला तुमी बोकडाचे पाय धरायला लावणार. का, तर त्याला दहावं वरीस लागलं. बाटलीनं दूध पाजून वाढवलाय त्यानं त्यो बोकड. मग त्याला कुटला कायदा हाय?"

"जीभ लई लांब झाली," मागून एक म्हातारी बोलली.

"ते देवाचं हाय, पोरी. खेळ न्हवं," सिद्धाप्पा म्हणाले.

"म्हणूनच तर म्हणते, मामा."

सिद्धाप्पा रागावले नाहीत. त्यांनी चुलींकडं पाहिलं. पाण्याला कधीची उकळी आली होती, भाकरीच्या चळती लागल्या होत्या, पोरं भुकेनं कुरकुरत होती. त्यांनी तंबाखू थुंकली.

"बरं. पोरानं पाय धरू नयेत, एवढंच ना तुझं?"

"व्हय."

"मग कर हात वर. न्हाय धरणार त्यो. देवापुढं शब्द देतो."

पूनमनं क्षणभर विचार केला. कायदा व्हायचा तेव्हा होईल. तोवर कागद कुठल्या कुठल्या टेबलावर पडून राहील कोण जाणे. लेकरू आज सुटत होतं.

तिनं हात वर केला.

सोमेशनं लगेच लिहिलं, 'एकमताने मंजूर.' ढोलावर टिपरी पडली. भावकी उठली, भंडारा उधळला. पूनमनं मल्हारचा हात धरला आणि ती पाठमोरी झाली.

"चल रे सोन्या. घरी जाऊ आपण."

चार पावलं टाकून दोघं पायरीच्या पल्याड गेली असतील, तोच मागं गलका झाला. बोकड पायरीकडं हलेना. गर्दी बघून त्यानं चारी पाय रोवले होते. दोघांनी पाला दाखवला, एकानं पाठीवर थोपटलं. दावं मात्र ताणता येत नव्हतं. ओढत आणलेला बोकड देवाला चालत नाही. आपल्या पायानं आला तरच देव त्याला घेतो.

सिद्धाप्पा सावकाश चालत माय-लेकरापाशी आले. गुडघ्यावर हात टेकून मल्हारपुढं उकिडवे बसले आणि फार मायेनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मल्हारबा, तू पाय धरायचे न्हाईत. आईला शब्द दिलाय म्या." मग हळूच म्हणाले, "फकस्त हाक मार त्याला."

"मामा!" पूनम ओरडली. "तुमी देवापुढं शब्द दिला."

"पाय न धरायचा दिला की. हाक मारायचं कुटं बोललो?"

तिनं अजिनाथकडं पाहिलं. तो ढोलाकडं बघत होता.

मल्हारनं मान वर करून आईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. नको. पण ढोल थांबला होता. आज्या, चुलते, आत्या, भावंडं, सगळी भावकी त्याच्याचकडं बघत होती. इतक्या प्रेमानं त्याच्याकडं आजवर कुणीच पाहिलं नव्हतं.



"चिकू," तो म्हणाला. अगदी बारीक आवाजात.

बोकडानं कान टवकारले. आणि माणसांच्या पायांमधून वाट काढत, शेपूट हलवत तो पळत आला, पायरीवरनं उडी मारून, आणि त्यानं मल्हारच्या पोटात डोकं खुपसलं.