काळ्या पट्टीतला ठिपका

"पुसून टाक तो ठिपका," सर म्हणाले.

"नाही पुसणार."

सरांना असं तोंडावर नाही म्हणणारं माणूस त्या खगोलशास्त्र विभागात अजून जन्मायचं होतं. आणि ही तर त्यांचीच विद्यार्थिनी, प्रबंध त्यांच्या सहीसाठी अडलेला. पण पोरगी मुळातच हट्टी. दुर्बिणीचा फोटो आधी प्रोग्रामने धुऊन, म्हणजे त्यातला कचरा पुसून, मगच बघायचा, ही तिथली रीत. हिला आधी कच्चा फोटो बघायची खोड.

भांडण एका क्वेसारवरून होतं. क्वेसार म्हणजे विश्वाच्या पार त्या टोकाचा झगझगीत दिवा. त्याचा उजेड इथवर येताना वाटेतलं वायूचं धुकं त्यातला एक तुकडा गिळतं, आणि वर्णपटात तिथे काळी पट्टी दिसते. सरांनी आयुष्यभर अशाच पट्ट्या तपासल्या होत्या. सगळ्या ठार काळ्या. त्यावरून त्यांनी सांगितलं, की पहिल्या ताऱ्यांनी हे धुकं विरघळवलं ते फार उशिरा. जगाने मानलं. आणि हिच्या पट्टीत मधोमध उजेडाचा ठिपका! म्हणजे सर सांगत होते त्याच्या कितीतरी आधीच धुक्याला भोक पडलं होतं.

"कचरा आहे तो. अवकाशातला कण कॅमेऱ्यावर आपटला की असंच उमटतं."

"कण पुन्हा त्याच जागी नाही आपटणार, सर. आज परत फोटो घेऊ."

"घे. ठिपका दिसला नाही तर मुकाट्याने पुसायचा. नाहीतर सही दुसऱ्या कुणाची तरी शोध."

दुर्बीण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला होती. तिथे रात्र, इथे दुपार. चहा गार होईपर्यंत दोघं पडद्यासमोर बसून राहिले. पट्टी आली. ठार काळी.

"झालं समाधान?" सर उठले.

मग पडद्याच्या कोपऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. "थांबा. ही आपोआप धुतलेली आलीय. कच्ची उघडते."

"धुणारा प्रोग्राम माझा आहे. इतकी वर्षं सगळे तोच वापरतात."

"तेच तर म्हणतेय मी!"

कच्च्या फोटोत कणांचे ओरखडे होते, पण या वेळी भलतीकडेच. आणि पट्टीच्या मधोमध, अगदी त्याच जागी, ठिपका. सरांचा प्रोग्राम खऱ्या उजेडालाच कचरा समजून पुसत होता.

सर परत खुर्चीत बसले. "मग माझ्या पट्ट्या..."

"कच्च्या काढा. बघू या."

"ठेवल्याच नाहीत. धुऊन झाल्यावर कच्च्या कोण ठेवतं?"

आयुष्यभराचं काम! तिला त्यांचा राग आला, आणि खूप वाईटही वाटलं. तिने त्यांची खुर्ची पडद्याकडे वळवली.

"तोंड पाडून काय बसलात, सर? तिथली पहाट होईपर्यंत दुर्बीण आपलीच आहे. तुमचा पहिला क्वेसार कुठला, सांगा. कच्चा फोटो परत घेऊ."

"आता काय उपयोग?"

"दिवे केव्हाच विझले असतील हो. उजेड अजून येतोय."