सर, कालच्या चर्चेत

सूनबाईला काही बोलायची सोय उरली नव्हती. भरल्या ताटावरून उठायचं आणि लॅपटॉपपुढे ठाण मांडायचं, हे कुठलं वळण? सासूबाई तेच ताट उचलून तिच्यामागे लेकाच्या खोलीत शिरल्या.

लेक जाऊन महिना होत आला होता. लांबलांबच्या मुलांना तो ऑनलाइन निबंध शिकवायचा. वर्गाचा फळाही तिथेच, लॅपटॉपवर. मुलांनी लिहायचं, दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर कुणाचं ते खाली सांगायचं, आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून भंडावून सोडायचं. सर गेल्याचं मुलांना कुणी कळवलंच नव्हतं. परीक्षेपर्यंत मी सांभाळते, असं सूनबाईनंच शिकवणीच्या कार्यालयाला विनवलं होतं.

"कुणाशी एवढं गुलूगुलू चाललंय?"

"मुलांचे निबंध आहेत, आई."

"मग वाच मोठ्यानं. मला त्या मुंग्या दिसत नाहीत."

सूनबाईनं घसा खाकरला. एका मुलीनं लिहिलं होतं, 'रिकाम्या खोलीचं दार लावून घ्यायला हात धजत नाही.' खाली तिनं आधार दिला होता: 'सर, कालच्या चर्चेत.'

सासूबाईंच्या हातातलं ताट कललं. "काल?"

पडद्यावर लेकाचा फोटो होता, गालातल्या गालात हसणारा.

सासूबाईंनी खुर्चीची पाठ धरली. "आणखी काय म्हणाला?" स्वतःचा आवाज त्यांना ओळखू येईना.

सूनबाई वाचत गेली. 'छान लिहिलंस, बाळा.' 'घाई नको, बाळा.' सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या, मान डोलत होती. मग मान डोलायची थांबली.

"हा माझा लेक नव्हे. तो जन्मात कुणाला बाळा म्हणाला नाही. गाढवा म्हणायचा. फारच लाडात आला तर गाढवोबा."

"मीच लिहिते, आई. त्यांच्या नावावर." सूनबाईनं लॅपटॉप अर्धा मिटला. "मुलं 'सर' म्हणून हाक मारतात ना, तेवढ्यापुरते ते असतात."

सासूबाईंनी ताट टेबलावर ठेवलं.

"मघाशी मलाही गोड लागलं. तो असाच बोलायचा, असंही वाटून गेलं क्षणभर. म्हणून सांगते, ऐक. तो गेला, ते सोसलं मी. पण तू अशी त्याच्या तोंडून बोलत राहिलीस, तर त्याचं खरं बोलणंही जाईल. ते मी तुला पुसू द्यायची नाही. लाव तिथं स्वतःचं नाव."