आजोबांचं नाव

थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवायचं, हा त्या घराण्याचा रिवाज. त्या लांबलचक अरबी नावाने सुनेचं डोकं उठलं होतं. मुलावर ओरडावं, तर आतल्या खोलीतून सासरे "आलो, आलो" करत काठी टेकत हजर. त्यांच्या देखत त्या नावाला 'गाढवा' जोडायचीही चोरी! "नावांचा काय दुष्काळ पडला होता?" असं ती नवऱ्याला येता-जाता सुनावायची.

आज नवरा दुपारी घरी आला, तर ही ताट वाढून, कमरेवर हात ठेवून तेच नाव घेत ओरडत होती. "किती हाका मारायच्या? जेवायला ये मुकाट्याने!"

नवरा वैतागला. "अगं, पोरगा कालपासून मावशीकडे आहे. कुणावर ओरडतेयस?"

आतून काठीचा आवाज आला. "आलो, आलो."

तिने घाईघाईने पाट सरळ केला आणि आवाज खाली आणला.

"'अब्बा' म्हटलेलं आता त्यांना कळत नाही. आणि सासऱ्याला सुनेने नावाने कशी हाक मारायची? म्हणून पोरावर ओरडते."