परतीचं पाणी

येसेनिया वळण घेऊन वर आली, तेव्हा गॅरेट वाकून डोक्यावर पाणी ओतत होता. पाणी त्याचं नव्हतं. झुडपाखाली दगडांच्या आडोशाला कुणीतरी ठेवलेल्या मोठ्या कॅनमधलं होतं ते, आणि त्यावरच्या पट्टीवर ठसठशीत लिहिलेलं होतं, 'ओफेलिया आणि अमादोर. आजच परत येतोय.'

"अरे, काय करतोयस! परतीचं पाणी आहे ते कुणाचं तरी."

"मग असं वाटेत कशाला टाकलं?" त्याने बोटांनी केस मागे सारले. "पुलावर व्हिडिओ काढायचाय. असा घामट दिसू?"

"तुझ्या सॅकमध्ये दोन भरलेल्या बाटल्या आहेत की."

"त्या प्यायला आहेत."

रिकामा कॅन त्याने पायाने उडवून दिला. येसेनिया कॅलेक्सिकोची, वाळवंटाच्या तोंडाशी वाढलेली. जाताना पाण्याचं निम्मं ओझं वाटेत ठेवायचं, येताना उचलायचं, आणि अगदी मरायला टेकल्याशिवाय दुसऱ्याच्या कॅनला हात लावायचा नाही, हे तिच्या घरात कुणी शिकवावंही लागत नसे. 'पाणीचोर' हीच तिकडे सगळ्यांत मोठी शिवी होती. तिने कॅन उचलून आपल्या सॅकला बांधला.

पुढच्या चढणीवर गॅरेट गुणगुणत चालला होता. त्याच्या केसांना लावलेल्या जेलचा गोडसर वास तापलेल्या दगडांवरून मागे येत होता. त्याच्या खिशात अंगठी आहे हे तिला ठाऊक होतं; सकाळपासून तो दहादा चाचपून बघत होता. आज सकाळपर्यंत तिचं उत्तरही ठरलेलं होतं. आता त्याच्या मानेवरून ओघळलेल्या पाण्याचा डाग बघूनसुद्धा तिला किळस येत होती.

दरीवरचा जुना रेल्वेपूल समोर आला. सगळा लाकडाचा, रूळ गंजलेले. कित्येक वर्षांत त्यावरून गाडी गेलेली नव्हती. रुळांवर एक म्हातारा नि म्हातारी संत्रं सोलत बसली होती. गॅरेटने फोन थेट म्हातारीच्या हातात दिला.

"जरा व्हिडिओ काढता? आडवा धरा हं, उभा नको."

"मागणी घालतोयस ना? घाल घाल," म्हातारी खुशीत आली. "आमच्या अमादोरने गुडघा टेकला, तेव्हा उठवायला मलाच हात द्यावा लागला होता."

"तेव्हापासून उठवतेच आहे," म्हातारा म्हणाला.

"आणि झालं की आमच्याबरोबर खाली चला," ओफेलियाने आपली रिकामी बाटली उलटी करून दाखवली. "इथलं संपलं, पण वळणावर झुडपाखाली कॅनभर ठेवलंय. तुम्हालाही देऊ. तेवढंच तोंड गोड."

येसेनियाने गॅरेटकडे पाहिलं. त्यानेही ऐकलं होतं. त्याने तिला डोळ्याने गप्प राहायची खूण केली आणि गुडघा टेकला. डबी उघडली.

"येसेनिया..."

"आधी त्यांना सांग."

"नंतर बघू," तो दातांतल्या दातांत म्हणाला. कॅमेऱ्यासाठीचं हसू तसंच होतं. "रेकॉर्डिंग चालू आहे."

ती त्याच्या मागे गेली. सॅकच्या दोन्ही बाजूंच्या भरलेल्या बाटल्या तिने उपसून काढल्या. डबी हातात असल्यामुळे त्याला धड वळताही येईना. बाटल्या तिने अमादोरच्या मांडीवर ठेवल्या. मग सॅकला बांधलेला रिकामा कॅन सोडला आणि पट्टी ओफेलियाला दिसेल असा रुळावर ठेवला.

ओफेलियाने कॅनकडे पाहिलं. मग गॅरेटच्या अजून ओलसर, नीट बसवलेल्या केसांकडे पाहिलं. अमादोरचं संत्रं सोलणं थांबलं.

"अगं, उत्तर तरी दे," गॅरेट गुडघ्यावरूनच म्हणाला.

"हे काय, दिलं."

गॅरेटने फोनसाठी हात पुढे केला. ओफेलियाने तो दिला नाही. दोन्ही हातांनी तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला होता, आडवा, त्याने सांगितलं होतं तसाच.

"चालू आहे रे अजून," ती म्हणाली. "सांग की आता."